विजेच्या मोटारीला डॅशकॅम जोडताना लहान बॅटरीचा हिशोब

विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या तशी आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियन बांधवांची बरीचशी जुनी कामे हातची गेली. या गाडीला सेल्फ नाही, डायनामो नाही, स्पार्क प्लग नाही, डिझेल गाडीचा हीटर प्लगही नाही. आर्मेचर उघडून कार्बन बदलण्यात ज्या उस्तादांची हयात गेली, त्यांच्या दुकानासमोर ही गाडी उभी राहते ती बहुधा एकाच कारणासाठी : मालकाला काही तरी जोडून घ्यायचे असते. डॅशकॅम म्हणजे काचेमागे बसून रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा, शिवाय ॲम्प्लिफायर, जादा चार्जर, पाण्याच्या बाटल्या गार ठेवणारा छोटा फ्रीज, हवा भरण्याचा पंप. ॲक्सेसरीजचा माल विकणाऱ्या दुकानदारांचाही हाच धंदा. काम सोपे दिसते आणि गिऱ्हाईक घाईत असते. परंतु पेट्रोलच्या गाडीत जे अंदाजाने चालून जात होते ते येथे चालत नाही. हिशोब चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारसुद्धा उघडत नाही आणि मालक थेट दुकानावर येतो. म्हणून या कामाविषयी जरा विस्ताराने लिहीत आहोत.

दोन बॅटऱ्या, दोन वेगळे संसार

गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढी मोठी बॅटरी गाडीत आहे, तिला कॅमेऱ्याचा भार तो काय? प्रश्न रास्त आहे. २०२० साली टाटाची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली, तिची मुख्य बॅटरी ३०.२ किलोवॅट-अवरची होती. पुढचे आणि मागचे असे दुहेरी चित्रण करणारा डॅशकॅम साधारण ४ वॉट खातो. भागाकार केला तर ७,५०० तास येतात, म्हणजे हा कॅमेरा त्या बॅटरीवर रात्रंदिवस दहा महिने चालावा.

पण कॅमेरा त्या बॅटरीला जोडलेलाच नसतो, आणि जोडायचाही नसतो. त्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची मुख्य बॅटरी ३२० व्होल्टची होती. एवढा दाब अंगावर आला तर माणूस जिवंत राहीलच असे नाही. उच्च दाबाच्या तारांवर नारिंगी रंगाचे आवरण असते. त्या तारेला, तिच्या जोडाला किंवा झाकणाला आपण हात लावायचा नाही. त्यासाठी वेगळे शिक्षण, वेगळे हातमोजे आणि वेगळी हत्यारे लागतात. आपले काम १२ व्होल्टच्या बाजूचे.

होय, विजेच्या गाडीतही १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते. दिवे, हॉर्न, वायपर, दारांची कुलुपे, टेप आणि गाडीतले सगळे संगणक तिच्यावर चालतात. पेट्रोल गाडीत ती डायनामोने चार्ज होते. येथे ते काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. मुख्य बॅटरीचा मोठा दाब उतरवून तो साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट करतो आणि लहान बॅटरीला पाजतो. मात्र गाडी सुरू असताना, म्हणजे काट्याच्या पाटीवर 'रेडी' उमटलेले असताना, आणि बहुतेक गाड्यांत चार्जिंग चालू असतानाच हे घडते. गाडी बंद करून कुलूप लावले की मुख्य बॅटरीच्या तोंडाशी असलेले दोन मोठे रिले, ज्यांना काँटॅक्टर म्हणतात, ते उघडतात आणि मुख्य बॅटरी बाकीच्या गाडीपासून तुटते. सुरक्षिततेसाठी ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. त्यानंतर जे काही चालते ते फक्त लहान बॅटरीवर.

आता खरी गोम येथे आहे. ते काँटॅक्टर पुन्हा ओढण्यासाठी जी वीज लागते ती या १२ व्होल्टच्या बॅटरीतूनच येते. लहान बॅटरी उतरली की संगणक जागे होत नाहीत, काँटॅक्टर लागत नाहीत, कन्व्हर्टर सुरू होत नाही. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी गाडी मेल्यासारखी पडून राहते. बऱ्याच गाड्यांत चार्जरची पिन लावूनही उपयोग होत नाही, कारण चार्जिंगची बोलणी करणारा संगणकही त्याच लहान बॅटरीवर जगतो. पेट्रोलची गाडी उतरली तर चार माणसे ढकलून ती सुरू करीत. ही ढकलून सुरू होत नाही.

त्यात या गाडीला सेल्फ फिरवायचा नसल्यामुळे कंपन्या ही बॅटरी बहुधा लहानच घालतात. ३० ते ४५ अँपिअर-अवर हे नेहमी दिसणारे माप. गाडी महाग, म्हणून बॅटरीही भारी असेल असे समजू नये.

कागदावर मांडून पाहू

बॅटरी ३५ अँपिअर-अवरची धरू. शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरता येण्याजोगे साडेसतरा अँपिअर-अवर. कॅमेरा १२ व्होल्टवर ४ वॉट खातो, म्हणजे अंदाजे ०.३३ अँपिअर. साडेसतराला ०.३३ ने भागले की ५३ तास येतात. सव्वादोन दिवस. तेही बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर. तीन-चार वर्षे वापरलेल्या बॅटरीत यातले किती उरले असेल हे आमच्या बॅटरीवाल्या बांधवांना सांगायला नको.

रोज गाडी काढणाऱ्या माणसाला याची झळ लागत नाही. दुकानासमोर गाडी नऊ तास उभी राहिली, कॅमेरा चालू राहिला, तर तीन अँपिअर-अवर गेले. घरी जाता-येता पाऊण तास गाडी चालली की ते बहुतेक भरून निघतात. रात्री घरी चार्जिंगला लावत असेल तर उत्तमच. फक्त एक लक्षात ठेवावे, मुख्य बॅटरी भरली की बऱ्याच गाड्यांत चार्जिंग थांबते, काँटॅक्टर पुन्हा उघडतात आणि कॅमेरा परत लहान बॅटरीवर येतो. पिन लावलेली आहे म्हणून रात्रभर पुरवठा आहे असे नव्हे.

अडचण होते ती गाडी बरेच दिवस उभी राहिली की. गिऱ्हाईक उमऱ्याला पंधरा दिवस निघाले, गाडी इमारतीखाली उभी. किटने सव्वादोन दिवसांनी कॅमेरा तोडला असे समजा. पण गाडीचे स्वतःचे संगणक झोपेतही थोडी वीज खातात. ते २५ मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला ०.६ अँपिअर-अवर होतात आणि उरलेल्या पावणेतेरा दिवसांत आणखी साडेसात अँपिअर-अवर जातात. ३५ मधून २५ गेले. नवी बॅटरी कदाचित तग धरील, जुनी धरणार नाही. कॅमेरा नसता तर एकूण नऊच गेले असते. म्हणून बसवितानाच सांगावे की चार-पाच दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर कॅमेऱ्याची पिन काढून ठेवा. शक्य असेल तर वायरीत हाताशी येईल असा एक छोटा स्विच द्यावा. सामान फारच थोडक्या पैशांचे आहे.

काही गाड्या उभ्या असताना अधूनमधून स्वतःच जाग्या होऊन लहान बॅटरी मोठीवरून भरून घेतात. ही सोय प्रत्येक गाडीत नाही, आणि आहे त्या गाडीतही ती कधी चालते याच्या अटी असतात. मालकाच्या माहितीपुस्तकात पाहावे. खात्री करायची तर लहान बॅटरीवर व्होल्टेज नोंदवणारे ब्लूटूथचे छोटे यंत्र एक-दोन रात्री लावून ठेवावे. मध्यरात्री व्होल्टेज साडेतेराच्या वर उडी मारताना दिसले तर गाडी स्वतः भरून घेते असे समजावे. न दिसल्यास ती सोय नाही असेच धरून चालावे.

वीज कोठून घ्यावी

सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे गाडीतल्या १२ व्होल्ट सॉकेटमधून किंवा यूएसबीमधून वीज घेणे. गाडी बंद झाली की कॅमेराही बंद. ज्याला फक्त चालत्या गाडीचे चित्रण हवे, अपघाताच्या दाव्यात पुरावा हवा, त्याला याहून अधिक काही लागत नाही, आणि आमच्या मते दहापैकी सात-आठ गिऱ्हाइकांचे काम एवढ्यात भागते. काही गाड्यांत मात्र हे सॉकेट कुलूप लावल्यावरही जिवंत राहते. अर्ध्या तासाने मीटर लावून पाहिल्याखेरीज गाडी देऊ नये.

ज्याला उभ्या गाडीवरही पहारा हवा, त्याच्यासाठी हार्डवायर किट. काही शे रुपयांत मिळणारी ही तीन वायरींची पेटी : एक कायम पुरवठ्याची, एक एसीसीची म्हणजे गाडी चालू असतानाच्या पुरवठ्याची, आणि एक अर्थ. बहुतेक किटमध्ये अनुक्रमे पिवळी, तांबडी आणि काळी असते, परंतु रंगावर विसंबू नये, सोबतचा कागद वाचावा. व्होल्टेज ठरावीक अंकाखाली गेले की ही पेटी कॅमेरा तोडते. तो अंक कोणता ठेवायचा यातच बहुतेक कारागीर फसतात. पेट्रोल गाडीत ११.८ वर ठेवून वर्षानुवर्षे कामे झाली. शिशाच्या बॅटरीचा हिशोब असा : विसाव्यात १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. विजेच्या गाडीत १२.४ ठेवावे, फार झाले तर १२.२. त्याखाली नाही. कॅमेरा लवकर बंद पडतो अशी तक्रार येईल. ती ऐकून घ्यावी, पण अंक खाली आणू नये.

तिसरा मार्ग कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र बॅटरी पॅकचा. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ७५ ते ८० वॉट-अवरचे पॅक मिळतात. गाडी चालू असताना ते भरतात, गाडी बंद झाली की कॅमेरा त्यांच्यावर चालतो आणि गाडीच्या बॅटरीला हात लागत नाही. ४ वॉटला अठरा-एकोणीस तास पुरतात. किंमत किटच्या कितीतरी पट. ज्याला खरोखर रात्रभर पहारा हवा त्याला हाच माल दाखवावा. मात्र भरताना हे पॅक ५ ते ९ अँपिअर ओढतात, तेव्हा वायर आणि फ्यूज त्या मापाचे हवेत. ज्याची रोजची धाव दहा मिनिटांची, त्याचा पॅक कधी पुरता भरणारही नाही, हे आधीच सांगावे.

साधी मोबाइलची पॉवर बँक डॅशबोर्डवर ठेवून कॅमेरा चालवण्याची युक्ती काही जण सुचवितात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून पाहावा, मग लिथियमची वस्तू तेथे ठेवावी की नाही हे आपोआप कळेल. कॅमेरासुद्धा आत लहान लिथियम बॅटरीऐवजी सुपर कपॅसिटर असलेला घेतलेला बरा. तो उष्णता जास्त सोसतो.

फ्यूज बॉक्सपाशी

हे काम मल्टिमीटरनेच करावे. बल्बचा टेस्टर या गाड्यांत नको. त्याचा बल्ब जेवढा प्रवाह ओढतो तेवढा काही नाजूक सर्किटांना सोसत नाही. एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंग आणि बॅटरी-व्यवस्थापन यांच्या फ्यूजना हात लावू नये. टेप, सॉकेट, आतला दिवा अशा बिनधोक्याच्या सर्किटांतून पुरवठा घ्यावा. कंपनीच्या वायरीचे कातडे सोलून तार गुंडाळण्याची जुनी पद्धत येथे सोडलीच पाहिजे. एक तर जोड सैल होतो, आणि दुसरे म्हणजे वॉरंटीचा वाद निघाला की तीच वायर पुरावा म्हणून पुढे येते. फ्यूज टॅप वापरावा, त्याची फ्यूजच्या आकाराशी जुळणी आधी पाहावी.

टॅप कोणत्या तोंडाने बसतो याला महत्त्व आहे. फ्यूज काढून मीटर लावला की दोन खाचांपैकी एकीत व्होल्टेज दिसते, ती पुरवठ्याची बाजू. टॅपच्या ज्या पायातून दोन्ही फ्यूजना वीज मिळते तो पाय त्या खाचेत आला पाहिजे. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून चूक कळत नाही, पण त्याचा प्रवाहही गाडीच्या मूळ फ्यूजमधून जाऊ लागतो. कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरेसा. फ्यूज कॅमेऱ्याला वाचवायला नसून वायरीला वाचवायला असतो, तेव्हा घरात १० चा पडला आहे म्हणून तोच घालू नये.

एसीसीचा फ्यूज शोधताना घाई नडते. ही गाडी बंद केली तरी वीस-तीस मिनिटे तिचे संगणक जागे असतात आणि एसीसी वाटणारे सर्किट कायमचे निघते, किंवा उलट. दार उघडे ठेवून काम करायचे तर कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणावी, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटते. मग कुलूप लावून अर्धा तास थांबावे, चहा घ्यावा आणि मग मोजावे. शेवटी दार लावण्यापूर्वी ती जीभ पुन्हा मोकळी करायला विसरू नये, नाही तर कुलूपच मोडते.

अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हवर थेट देऊ नये. अनेक गाड्यांत त्या टर्मिनलवर एक सेन्सर असतो, तो बॅटरीत किती आले-गेले याची नोंद ठेवतो. आपला अर्थ त्याला डावलून गेला तर त्याचा हिशोब चुकतो. बॉडीच्या मूळ बोल्टवर, रंग नसलेल्या धातूवर अर्थ घ्यावा. पुढच्या खांबातून वायर नेताना पडद्याची एअरबॅग तेथे असते. वायर तिच्या मागून न्यावी, तिच्यावरून आडवी कधीच नाही. काचेमागे कंपनीचा स्वतःचा कॅमेरा असेल तर त्याच्या नजरेच्या आड येऊ नये.

व्होल्टेज पाहून गाडी चालू आहे की बंद हे ठरवणारी किट या गाड्यांत फसतात. घरी चार्जिंग चालू असताना कन्व्हर्टरमुळे व्होल्टेज वर जाते, किटला वाटते गाडी रस्त्यावर आहे, आणि कॅमेरा पहाऱ्याऐवजी रात्रभर पूर्ण चित्रण करीत राहतो. एसीसीची वेगळी वायर असलेली किटच घ्यावी. तसेच ओबीडी सॉकेटमधून वीज घेणाऱ्या वायरीही आता मिळतात. फक्त वीज घेणारी असेल तर एक वेळ चालेल, पण गाडीकडे माहिती विचारत राहणारे यंत्र तेथे लावले तर काही गाड्यांचे संगणक झोपतच नाहीत आणि कॅमेऱ्यापेक्षा तेच जास्त खातात. टेस्लाने २०२१ पासून शिशाऐवजी लिथियमची लहान बॅटरी घालायला सुरुवात केली, तिचे व्होल्टेज १५ च्या आसपास असते. तेथे वरचे १२.४ आणि १२.२ चे अंक लागू होत नाहीत. अर्थात त्या गाडीला स्वतःचेच कॅमेरे आहेत.

इतर सामान

फ्रीज ४० ते ६० वॉटचा असतो, म्हणजे साडेतीन ते पाच अँपिअर. उभ्या, बंद गाडीत तो चार-पाच तासांत लहान बॅटरी निम्मी करतो. हवेचा पंप दहा-बारा अँपिअर ओढतो. सॉकेटच्या फ्यूजवरचा अंक पाहावा आणि गाडी 'रेडी' ठेवूनच पंप चालवावा. लग्नाच्या वरातीत गाडी नुसती एसीसीवर ठेवून ॲम्प्लिफायर वाजवणाऱ्यांना हे विशेष सांगावे, पाटीवर 'रेडी' नसेल तर त्या गाण्याचा सगळा भार लहान बॅटरीवर आहे. ज्या गाड्यांत व्हीटूएल म्हणजे गाडीतून २३० व्होल्ट बाहेर देण्याची सोय आहे (२०२३ च्या नव्या नेक्सॉन ईव्हीत ती आली), तेथे मोठ्या भारासाठी तीच वापरावी. ती वीज मुख्य बॅटरीतून येते.

गाडी उठली नाही तर

किल्लीच्या रिमोटमध्ये बहुधा लोखंडी किल्ली लपवलेली असते, तिने दार उघडावे. माहितीपुस्तकात दाखविलेल्या जागी १२ व्होल्टचा जंप स्टार्टर लावावा. ट्रकच्या २४ व्होल्टचा कदापि नको. गाडी जागी होऊन 'रेडी' आली की कन्व्हर्टर पुढचे काम करतो, तशी तासभर ठेवावी. उलट विजेच्या गाडीवरून दुसऱ्याची गाडी जंप करण्यास अनेक कंपन्यांची मनाई आहे.

गाडी उतरली की दोष कॅमेरा बसविणाऱ्यावर येतो. तो नेहमी त्याचा असतोच असे नाही. २०२४ साली ह्युंदाईने भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यांच्या चार्जिंगच्या कंट्रोल युनिटमधील दोषामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरण्याचा संभव होता. अशा गाडीला कोणी कॅमेरा लावलेला असता तर कारागिरावरच खापर फुटले असते. गिऱ्हाइकाची गाडी आपल्या हाती असते तोवर ती अमानत आहे आणि कारागिराच्या हयगयीने नुकसान झाले तर भरपाई त्याच्यावर येते, हा शरीअतचा जुनाच दंडक आहे. पण हयगय नव्हती हे दाखवायला काही तरी हवे. म्हणून बिलाच्या पाठीवर चार आकडे लिहावेत : काम करण्यापूर्वी बॅटरीचे व्होल्टेज, गाडी झोपल्यावर कॅमेऱ्याशिवायचा प्रवाह, कॅमेऱ्यासह प्रवाह, आणि किटचा तोडण्याचा अंक. त्याखाली गिऱ्हाइकाची सही. जुनी बॅटरी १२.३ दाखवीत असेल तर ते तेव्हाच तोंडावर सांगावे. एक काम हातचे गेले तरी चालेल.

ई-रिक्षाचे काम करणाऱ्यांसाठी दोन ओळी. शिशाच्या चार बॅटऱ्या ओळीत जोडून ४८ व्होल्ट केलेल्या रिक्षात टेप किंवा कॅमेऱ्यासाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याची सर्रास पद्धत आहे. ती एक बॅटरी रोज बाकीच्या तिघींपेक्षा जास्त उतरते, चार्जर मात्र चौघींना सारखेच भरतो, आणि काही महिन्यांत तिच्यामुळे सगळा संच बसतो. ४८ वरून १२ करणारा कन्व्हर्टर चारही बॅटऱ्यांच्या दोन टोकांवर लावावा, आणि त्याच्या आधी पॉझिटिव्हच्या तोंडाशी फ्यूज घालावा.